पहिला किलोमीटर

बावीस वर्षं मी गाड्या विकल्या आणि एक नियम कधी मोडला नाही. नव्या गाडीचा पहिला किलोमीटर मी गिऱ्हाइकाच्या शेजारी बसणार म्हणजे बसणार. लोकांना वाटायचं, काय प्रेमळ माणूस आहे! प्रेमबिम काही नाही. माणसाच्या हाती गाडी द्यावी की नाही, ते तेवढ्यात कळतं. दोघांना तर मी गाडीसकट परत आणलं होतं आणि सांगितलं होतं, आधी महिनाभर शिका, मग न्या. मालक माझ्यावर असे डाफरले होते की पुढचे चार दिवस मी त्यांच्या वाऱ्याला उभा राहिलो नाही.

आता शोरूमला शोरूम म्हणायचं नाही, 'अनुभव केंद्र' म्हणायचं. सहा विक्रेत्यांपैकी दोघं उरलो. लोक येतात, विजेच्या गाडीत बसून फोटो काढतात, बॅटरी किती वर्षं टिकते म्हणून माझं डोकं खातात आणि घरी जाऊन सोफ्यावर लोळत मोबाइलवरून दुसऱ्याच कंपनीची गाडी मागवतात. ट्रक येतो, गाडी दारात उतरवतो. ट्रकवाला मोबाइलवर आलेला आकडा विचारून घेतो आणि निघून जातो. लायसन्सचा फोटो पाठवला की झालं. चालवणाऱ्याचं तोंडसुद्धा कुणी बघत नाही.

गणिताच्या सरांना मात्र मी तीन वर्षं गाडी मिळू दिली नव्हती. ते माझेच सर. शाळेत त्यांनी मला दोनदा नापास केलं आणि मग वर्षभर रोज संध्याकाळी स्वतःच्या घरी बसवून पास केलं. जुनी गाडी देऊन नवी घ्यायला ते आले, तेव्हा मी चाचणीसाठी किल्ली त्यांच्यासमोर टेबलावर ठेवली. सर टेबलाकडे बघत होते आणि हाताने किल्ली चाचपत होते. रस्त्यावर तर उभ्या टेम्पोवर ते सरळ गाडी घालायला निघाले, आणि मी हँडब्रेक ओढला म्हणून वाचलो. नजर नेमकी मधोमध गेली होती त्यांची. कडेचं दिसायचं, समोरचं नाही.

"दिसला होता रे मला," सर म्हणाले. "तू उगाच घाबरतोस. शाळेतही असाच होतास."

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण 'सर, तुम्हाला दिसत नाही' हे कुठल्या तोंडाने सांगणार? माझी जीभच रेटेना. मी थाप मारली. जुनी गाडी ठेवून घेतली आणि म्हटलं, सर, तुमच्या आवडीचा रंग सध्या येत नाही. मग कधी कारखान्यात सुटे भाग नव्हते, कधी नोंदणी बंद होती. सर बिचारे टॅक्सीने फिरत राहिले आणि मी स्वतःच्या हुशारीवर खूश राहिलो. त्यांच्या मुलालाही काही बोललो नाही. गाढव मी.

गेल्या सोमवारी सरांचा फोन आला. आवाजात नुसता आनंद.

"तुझ्या भरवशावर राहिलो असतो तर गाडीऐवजी खांदेकरीच आले असते. शेजारच्या पोराला सांगून मोबाइलवरून मागवली. आठ दिवसांत दारात! विजेची आहे, आवाज म्हणून नाही. आता तुझ्या काकूंना डायलिसिसला मीच नेतो."

मी लगेच परगावी असलेल्या त्यांच्या मुलाला फोन लावला आणि इतकी वर्षं दाबून ठेवलेलं सगळं सांगितलं.

तो ऐकून घेत होता. मग म्हणाला, "तुम्ही तर म्हणत होता, रंग येत नाही."

"ती थाप होती."

"म्हणजे तीन वर्षं बाबांच्या तोंडाला पानं पुसलीत. आणि त्यांनी दुसरीकडून घेतल्यावर आज तुम्हाला त्यांचे डोळे आठवले? गिऱ्हाईक गेलं की माणूस आंधळा होतो का हो?"

फोन ठेवला त्याने. त्याच्या जागी मी असतो तर मीही ठेवला असता, हेच मला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी काकूंचं डायलिसिस होतं, म्हणून सकाळी मी त्या हॉस्पिटलच्या आवारात जाऊन थांबलो. पांढरी गाडी आली ती थेट माझ्या बाजूला येईपर्यंत कळलीच नाही. काकू पुढे बसल्या होत्या आणि त्यांचे ओठ सारखे हलत होते. सरांनी गाडी झाडाखाली लावली. मी काकूंना हाताला धरून दारापर्यंत नेलं आणि म्हटलं, "काकू, सरांना दिसत नाही."

"हळू बोल." त्यांनी मागे वळून पाहिलं. "मला काय ठाऊक नाही? मी सांगते ना त्यांना. सायकल आली, लाल झाला, डावीकडे घ्या. पन्नास वर्षं त्यांना बारीकसारीक सांगतेच आहे."

"अहो, कुणाच्या जिवावर बेतेल."

"टॅक्सीत बसले की ते तोंड पाडून बसायचे रे. परवा गाडी आली तर गुणगुणत होते."

"आणि तुम्ही आत गेल्यावर? चार तास?"

"गाडीतच बसतात. गाणी ऐकतात. शब्द दिलाय मला."

नर्सने त्यांना आत नेलं. मी वळलो, तर झाडाखाली गाडी नव्हती.

ती आवारातल्या रस्त्याने फाटकाकडे निघाली होती, अगदी बिनआवाजाची. बाहेर पायऱ्यांवर बसलेल्या माणसांपैकी एकानेही मान वर केली नाही. मी आडवा धावलो आणि फाटकाच्या मधोमध जाऊन उभा राहिलो. दोन्ही हात हलवले, "सर! सर!" म्हणून घसा फोडला. काचा बंद होत्या, आतली गाणी मला बाहेर ऐकू येत होती. माझ्या पाठीशी, फाटकाला लागून, बससाठी माणसांची रांग उभी होती. मी बाजूला झालो तर गाडी त्यांच्यावरच जाणार होती.

सरांनी सरळ माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि वेग वाढवला.