माझी किल्ली आजींकडे होती

मित्रांनो, मी एक जुना अलार्म आहे आणि सध्या एकाच स्क्रूवर लटकतो आहे. बॅटरी काढलेली, तारा कापलेल्या. दिल्लीत मयूर विहारच्या एका सोसायटीत, तिसऱ्या मजल्यावरच्या दारावर मला बसवलं तेव्हा श्रीरंग आजोबा सरकारी नोकरीतून नुकतेच निवृत्त झाले होते. आता ते नाहीत. घरात चंद्रप्रभाआजी एकट्याच असतात.

माझा स्वभाव पहिल्यापासून तापट. कुणी नको तेव्हा दार ढकललं की मी अख्खा जिना डोक्यावर घ्यायचो. एकदा आजी न्हाणीघरात घसरून पडल्या. सरकत सरकत पलंगापर्यंत आल्या आणि तिथलं माझं लाल बटण दाबलं. मी असा काही कोकललो की समोरच्या खन्ना आंटी कणकेच्या हातांनी, त्यांच्याकडे ठेवलेली आमच्या दाराची दुसरी किल्ली घेऊन धावत आल्या. पुढे कितीतरी दिवस त्या माझं कौतुक करत होत्या. मला जरा चढलीच होती.

पण वय झालं. झुरळ शिरलं तरी मी बोंबलू लागलो. आजींचा मुलगा अनुराग गुरुग्रामला कंपनीत आहे, तो वैतागला. त्यानं घरभर स्मार्ट यंत्रणा बसवली. दारावर कॅमेरा, बोलणारा स्पीकर, आपोआप लागणारे दिवे, आणि सगळं त्याच्या फोनवर.

"आई, हा लास्ट चान्स," तो म्हणाला. "आता एक जरी गडबड झाली तरी तू माझ्याकडे राहायला यायचं. बिल्कुल आर्ग्युमेंट नाही."

आजी स्वयंपाकघरात निघून गेल्या. मला मात्र चैन पडेना. आजींना हे घर सोडायचं नव्हतं. रोज दुपारी त्या फोनवर बहिणीला तेच सांगत.

मग संक्रांत आली. त्या संध्याकाळी आजी दार सताड उघडं ठेवतात. ज्याला यायचं त्यानं यावं, तिळगूळ घ्यावा. पूर्वी त्या माझी किल्ली फिरवून मला बंद करायच्या, "आज तुला सुट्टी" म्हणायच्या. या नव्याची किल्ली अनुरागच्या फोनात आणि फोन तिकडे गुरुग्रामला! आजींच्या ते लक्षातच आलं नाही. मी वर नुसता तळमळत होतो.

खन्ना आंटी आल्या, वरच्या मजल्यावरची कृतिका आली, आणखी बायका आल्या. तिळगूळ हातावर पडतो न पडतो तोच स्पीकरमधून अनुराग गरजला, "कौन हैं आप लोग? बाहर निकलिए! गार्ड ऊपर आ रहा है!"

कृतिकाच्या हातातला लाडू खाली पडला. "अच्छा जी, अब हम चोर हो गए," असं म्हणून खन्ना आंटींनी चपला घातल्या. बाकीच्याही निघाल्या. "अरे, मीच बोलावलंय त्यांना!" आजी स्पीकरकडे बघून ओरडल्या, पण तोवर अनुराग फोन खिशात टाकून निघालाही होता. गार्ड काठी घेऊन आला तेव्हा आजी दारात एकट्या उभ्या होत्या. त्यांचे डोळे भरून आले होते. मला त्या स्पीकरचा असा राग आला म्हणून सांगू!

अनुराग मेट्रोनं धापा टाकत पोहोचला. "आई, बघितलंस? घरात इतके अनोळखी लोक! बॅग भर."

"तुला अनोळखी," आजी म्हणाल्या. त्यांनी तिळगुळाचा डबा त्याच्या हातात दिला. "ज्यांना हाकललंस त्यांच्या दारात जाऊन हा दे. मग बॅगेचं बोलू."

तो गेला आणि बराच वेळ आलाच नाही. माझा जीव खालीवर होत होता. परतला तेव्हा त्याची मान खाली होती.

"तू बाथरूममध्ये पडलीस, खन्ना आंटींनी तुला उचललं, हे मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तेव्हाच बॅग भरायला लावली असतीस."

त्यानं खिशातून फोन काढला. मग म्हणाला, "चलो, हे सगळं तुझ्या फोनवर घेतो. बंद-चालू तू कर. आणि काही झालं तर मला लगेच मेसेज..."

"आधी खन्नाभाभींना," आजी म्हणाल्या. "मग तुला. तू लांब असतोस रे."

त्यानं मुकाट्यानं तसंच केलं, बॅगेचं नावही काढलं नाही.

मित्रांनो, उद्या मला भंगारात देतील. मला कवटाळून बसा असं मी म्हणणार नाही, माझं काम झालं. तुम्ही मोठे झालात की आईवडिलांच्या काळजीपोटी नवी यंत्रं जरूर आणा. पण आणण्याआधी त्यांच्याजवळ बसून त्यांना विचारा. त्यांचं दार त्यांच्याच हातात राहू द्या. आणि फोन वाजायची वाट न बघता अधूनमधून त्यांना भेटायला जात जा.