पिवळी पट्टी असलेली खरी फाइल

चोमा शहरातल्या आमच्या बियाणे प्रयोगशाळेत मक्याचा एक लॉट नापास झाला. शंभर दाण्यांतले जेमतेम निम्मे उगवले. मी चाचणी पुन्हा लावली, कागद बदलला, ओल बदलली. दाण्यांनी मत बदललं नाही. तोवर त्या लॉटच्या गोण्या डेपोंत पोचल्या होत्या आणि पेरणी तोंडावर आली होती. विकल्या जाण्याआधी त्या अडवायच्या होत्या.

पद्धत ठरलेली. डेपोंना एक्सेलची फाइल पाठवायची, त्यांनी लॉट बाजूला काढून आकडे भरायचे. फाइलमध्ये आपोआप बेरजा करणारी छोटी आज्ञावली, म्हणजे मॅक्रो, असायची. त्यामुळे ती उघडताच वर पिवळी पट्टी यायची: मॅक्रो बंद केले आहेत, धोका असू शकतो, चालू करायचे का? बाकीचे इशारे तंत्रज्ञाने कटकट नको म्हणून कधीच बंद केले होते. ही एकच पट्टी उरली होती, आणि सगळे ती दाबायचे. मागच्या वर्षी एकाने अनोळखी फाइलवरही दाबली आणि त्याच्या डेपोचा संगणकच अडकला. तेव्हा आमच्या प्रमुख मुटिंटा मॅडमनी माझ्याकडून परिपत्रक लिहून घेतलं: पिवळी पट्टी दिसली तर दाबू नका, फाइल काढून टाका. या खेपेला मी मॅक्रो काढून स्वच्छ फाइल पाठवली.

एकाही डेपोचं उत्तर आलं नाही. मी कालोमो डेपोला फोन लावला. तिथले हांगाला, आम्ही आदराने बा हांगाला म्हणतो, सगळ्या कारकुनांत जुने.

"फाइल मिळाली ना, बा हांगाला?"

"मिळाली. खोटी होती, काढून टाकली. उघडू नका म्हणून सगळ्यांना कळवलंपण."

"अहो, मीच पाठवली ती!"

"मग वर पिवळं कुठे होतं? कचेरीच्या फाइलला पिवळं असतं, बाळ. ते दाबलं की मान्यता मिळते."

"तो धोक्याचा इशारा आहे! परिपत्रक वाचलं नाही का?"

"वाचलं की. त्यावर तारखेचा शिक्का नव्हता."

"बरं, मग तोंडी सांगते. तो लॉट विकू नका."

"आवाज गोड आहे गं तुझा, लुयांडो. पण उद्या विक्री का थांबवली असं विचारलं, तर काय आवाज दाखवू?"

शिक्का मारून पत्र धाडावं, तर शिक्का कपाटात, कपाटाची किल्ली मॅडमच्या पर्समध्ये आणि मॅडम लुसाकाला, संगणक-सुरक्षेच्या कार्यशाळेत. फोनवर त्या कुजबुजत बोलल्या; मागे कुणीतरी मॅक्रोंचे धोके समजावत होतं.

"पिवळं हवंय ना त्यांना? दे मग."

"पण मॅडम, परिपत्रक..."

"आधी मका, लुयांडो."

मी फाइलमध्ये रिकामा मॅक्रो घातला. पट्टी आणण्यापलीकडे त्याला काही काम नव्हतं. मी लिहिलेला हा सगळ्यात निर्दोष प्रोग्राम. त्यात चुकायला काही नव्हतंच.

उत्तरं भराभर आली. बा हांगालांनी तर फोनच केला.

"आता कशी खरी आली! दाबलं मी. झालं मात्र काहीच नाही."

"काही व्हायचंच नव्हतं."

"छान. अशाच पाठवत जा."

फक्त बाटोका डेपो गप्प होता. फोनही लागेना, म्हणून मी प्रयोगशाळेची पिकअप घेऊन गेले. तिथे चिपेगो नावाची मुलगी नुकतीच कामाला लागली होती. माझं परिपत्रक तिने संगणकाच्या वर, भिंतीवर चिकटवलं होतं.

"पहिली फाइल मी काढून टाकली, ताई. बा हांगाला म्हणाले, खोटी आहे."

"आणि दुसरी?"

"तिला पिवळी पट्टी होती." तिने भिंतीकडे बोट केलं. "तीपण काढून टाकली."

"त्या लॉटच्या गोण्या कुठे आहेत?"

"सकाळीच संपल्या."

विक्रीच्या पावत्या घेऊन आम्ही दोघी निघालो. पहिल्याच अंगणात एक बाई बैलांना पाणी पाजत होती. शेजारी गोणी होती, शिवण अजून शाबूत. मी तिला उगवणीचं सगळं समजावलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"इतकं वाईट बी आहे, तर या पोरीने मला विकलंच कसं?"

चिपेगोने माझ्याकडे पाहिलं.

"कारण हिने आमचं सगळं ऐकलं," मी म्हणाले.

बाईने चिपेगोला एकदा नीट न्याहाळलं, बादली खाली ठेवली आणि पिकअपमध्ये चढवायला गोणीचं एक टोक स्वतःच उचललं.