सिंधूताईंच्या मांडीतलं सिमेंट फोडताना

मित्रांनो, ठोकणं हा माझा धंदा. हाडाच्या दवाखान्यातला मी जुना हातोडा, सगळा पोलादाचा, तोंडावर खड्डे पडलेला. सुताराच्या हातोड्याला मी भाऊ मानत नाही. तो मुक्या लाकडावर मर्दुमकी गाजवतो, मी जित्या माणसाच्या मांडीत लोखंड घुसवतो. रक्त उडतं, हाडाचा चुरा उडतो, बाहेर बाकावर बसलेल्या नातेवाइकांना ठणठण ऐकू जाते. मला त्याची लाज वाटत नाही.

कारखान्यात मला तापवलं, बडवलं, घासलं. तो राग अंगात मुरला. बुलढाण्याला डॉ. अनुपमांच्या हाती आलो आणि त्या रागाला काम मिळालं. कुणी न्हाणीत घसरलेलं, कुणाला बैलाने उडवलेलं. डॉक्टर मोडका खुबा कापून काढतात, मांडीच्या हाडाची नळी कोरतात आणि तिच्यात धातूचा दांडा बसवतात. दांडा धरून ठेवायला सिमेंट. घर बांधायचं नव्हे, भुकटी आणि औषध कालवून केलेलं, नाकात झोंबणारं. आधी कणकेसारखं, बघता बघता दगड. पण नळी धुऊन कोरडी न करता रक्तातच कोंबलं, तर ते हाडाला धरत नाही.

देऊळघाटच्या सिंधूताईंचं तेच झालं होतं. अंगणवाडीत पोरांची खिचडी रांधण्यात वय गेलेली ही बाई. खुबा मोडला तेव्हा बाहेरगावच्या कुठल्याशा दवाखान्यात कुणीतरी घाईत सिमेंट भरलं, काही वर्षांत ते सुटलं. पाऊल टाकलं की आत दांडा हलायचा आणि हाड खरवडायचा. दुखतंय म्हणून त्या सांगायच्या, आणि मुलगा धम्मरत्न म्हणायचा, "वयच झालं तुहं, माय." उभं राहता येईना तेव्हा त्याने आमच्याकडे आणलं. डॉक्टरांनी फोटो पाहून त्याला सुनावलं, "हाड पापुद्र्यासारखं झालंय. हे जमलं नाही तर त्या कायमच्या खाटेवर."

ऑपरेशनला कमरेत सुई देऊन खालचं अंग बधिर केलं होतं. बाई पडद्याआड जाग्या. दांडा उपटला, छिन्नी लावली आणि मी सुटलो. जुनं सिमेंट कडाकड फुटत होतं, तुकडे डॉक्टरांच्या चष्म्यावर येत होते.

"मॅडम, घर पाडून राह्यल्या का माह्यं?" पडद्याआडून आवाज आला.

"जुना पाया काढतेय, ताई."

एक घाव जोरात बसला आणि हाड चिरलं. डॉक्टरांनी ते तारेने आवळलं आणि मला पुन्हा उचललं.

सगळं निघालं. नळी धुतली, ब्रशने घासली, पट्ट्या कोंबून कोरडी केली. नवं सिमेंट हातमोज्याला चिकटेनासं झालं तेव्हा डॉक्टर मोठ्याने म्हणाल्या, "सिमेंट भरते." आमच्याकडे हे सांगितल्याशिवाय भरत नाहीत, कारण सिमेंट दाबताना कधी कधी रक्तदाब कोसळतो आणि माणूस जातो. भूल देणाऱ्या डॉ. प्रसेनजितनी औषधाची सिरिंज हातात घेतली. "भरा."

पिचकारीने तळापासून भरलं, दाबलं, दांडा घातला. आणि सिंधूताई बोलायच्या थांबल्या.

"प्रेशर पडलं," म्हणत प्रसेनजितनी औषध सोडलं. डॉक्टरांना मदतीला जाता येईना. दांडा जरा हलला तर सगळं पुन्हा सुटणार. त्या दोन्ही हातांनी तो धरून उभ्या. मी ट्रेमध्ये रक्तात लोळत होतो. ठोकून काढावं असं तिथे काही नव्हतं, माझा नुसता संताप झाला. सिमेंट तापत गेलं, घट्ट होत गेलं.

"ताई, ऐकू येतं का?" प्रसेनजितनी विचारलं. मग पुन्हा विचारलं.

"हाव," कण्हत उत्तर आलं. "काऊन गप बसले सारे? मेली का मी?"

डॉक्टरांनी सिमेंट दगड झाल्यावरच हात सोडले.

दुसऱ्या दिवशी सिंधूताईंना वॉकर देऊन उभं केलं, असं मला धुताना सिस्टर सांगत होत्या. पाऊल टेकलं, आत काही हललं नाही. धम्मरत्न त्यांचा दंड धरून रडत होता. त्या म्हणाल्या, "दुखते म्हणलं तं आयकत जाय रे बापू."

मित्रांनो, तुमच्याही घरी कुणीतरी पाय दुखतो म्हणत असेल. जवळ बसा, कुठे दुखतं विचारा, दवाखान्यात न्या. वयच झालं म्हणून टाळाल तर एक दिवस त्यांना माझ्याकडे आणावं लागेल. आणि मला हळू मारता येत नाही.