वरचा आकडा, खालचा आकडा

"एकशे सव्वीस, खालचा ब्याऐंशी," सिस्टर म्हणाली आणि कानातल्या नळ्या काढून तिने गळ्यात अडकवल्या.

मोठे डॉक्टर खिडकीशी उभे होते. मागे न वळताच ते म्हणाले, "पुन्हा घ्या."

तिने रक्तदाब पुन्हा घेतला. मग दुसऱ्या दंडाला पट्टा बांधून तिसऱ्यांदा घेतला. वरचा आकडा उलट दोनाने उतरला. खाटेवरचा माणूस डोळे मिटून पडला होता, पण पापण्यांच्या हालचालीवरून तो कान देऊन ऐकतो आहे, हे तिला कळत होते. सव्वीस वर्षे माणसे खाटेवर पाहिली होती तिने. झोपलेला कोण आणि झोपेचे सोंग घेतलेला कोण, हे तिला दारातूनच समजे.

त्या माणसाला सगळे शहर साहेब म्हणत असे. त्यांच्या कारकिर्दीत शहराला पाणी देण्यासाठी मैलोन्‌मैल नळ पुरल्याची नोंद कागदोपत्री होती आणि खणून पाहिले तेव्हा जमिनीत निम्म्या जागी नळच नव्हते. वर्षभर चौकशी चालली. मंगळवारी आरोपपत्र दाखल होणार, त्याच दिवशी अटकही होणार, असे जो तो म्हणत होता. आणि सोमवारी सकाळी साहेबांच्या छातीत दुखू लागले.

रुग्णालयाच्या फाटकाबाहेर उजव्या अंगाला साहेबांच्या पक्षाची माणसे जमली होती, डाव्या अंगाला विरोधकांची. मधे पोलिसांची एक ओळ. "कट उधळून लावा" आणि "ढोंगी बाहेर या" या दोन्ही घोषणा एकमेकींत मिसळून तिसऱ्या मजल्यापर्यंत येत होत्या.

डॉक्टरांनी तिला बाहेर बोळात नेले.

"सिस्टर, तक्त्यावर एकशे नव्वद लिहा. वरून तीन फोन आलेत मला."

"मग तुम्ही लिहा, डॉक्टर. हा रकाना, आणि ही सहीची जागा. माझ्या सहीपुढं मी पाहिलं तेच मी लिहीन."

डॉक्टरांनी पेनाचे टोपण काढले. माणूस वाईट नव्हता. हृदयाचा आलेख कसा वाचायचा, हे तिला त्यांनीच शिकवले होते, तेही आपणहून, जेवणाच्या सुट्टीत. त्यांनी तक्त्याकडे बघितले, टोपण पुन्हा लावले आणि खिशातला फोन वाजत असतानाच जिना उतरून निघून गेले.

तिने वर एकशे सव्वीस, खाली ब्याऐंशी लिहिले आणि सही केली.

तिच्या हातचा तक्ता असला, की कुठलाच डॉक्टर आकडा पुन्हा तपासून बघत नसे. एवढीच तिची मिळकत होती, आणि ती तिला फार मोठी वाटे. हे तिने कधी कुणाला बोलून दाखवले नव्हते. कुणी विचारलेही नव्हते.

दुपारपर्यंत आकडा बाहेर फुटला. वॉर्डातल्या मावशींनी "मी नाही बाई, माझ्या तोंडून चकार शब्द गेला नाही" असे न विचारताच चौघांना सांगितले, त्यामुळे सगळ्यांना कळायचे ते कळले. संध्याकाळी टीव्हीवर विरोधी पक्षाचा प्रवक्ता सांगत होता, की एका प्रामाणिक परिचारिकेने ढोंगाचा बुरखा फाडला आहे.

घरी ती चपला काढते न काढते तोच सासरे खुर्चीतून उठले. ते निवृत्त पोस्टमन. साहेबांचे नाव निघाले, की त्यांचा आवाज चढे.

"सूनबाई, आज नाक राखलंस आपलं!"

"कुणाचं नाक?" नवरा आतून ओरडला. तो बस आगारात टायर बदलायचे काम करी आणि साहेबांच्या पक्षाचे फलक स्वतः खांबावर चढून लावी. "माझं तर कापलं ना हिनं! आता कार्यालयात काय तोंड दाखवू मी?"

"तोंड दाखवू नकोसच. तिथं सगळे तोंडं लपवायलाच जमतात."

"बाबा, तुमच्या लोकांनी काय दिवे लावलेत ते सांगू का? त्यांच्या काळातला पूल…"

घरात दोन पक्ष होते आणि स्वयंपाकघर तेवढे अपक्ष. तिने टीव्ही बंद करून रिमोट पदराआड टाकला आणि ताटे मांडली.

जेवताना नवरा हळू आवाजात म्हणाला, "अगं, पण एकशे नव्वद लिहिलं असतंस तर तुझं काय गेलं असतं?"

"माझं नाही, त्यांचं गेलं असतं. तक्त्यावर एकशे नव्वद दिसलं, की पुढच्या पाळीची पोर त्या हिशेबानं औषध देणार. ते एकशे सव्वीसवाल्याला दिलं, तर माणूस खाली बसतो तो उठतच नाही. तुमच्या साहेबांनाच जपलं मी, अहो."

नवऱ्याचा घास हातातच राहिला. सासरे खोकले.

मंगळवारी सकाळी फाटकाशी डाव्या बाजूने टाळ्या पडल्या. एक जाडजूड गृहस्थ तिच्याशेजारी येऊन उभा राहिला आणि फोटो काढू लागला. उजवीकडून कुणीतरी "विकली गेली!" म्हणून ओरडले.

"सात वाजता ड्यूटी आहे माझी, वाट सोडा," ती दोन्हीकडे बघत म्हणाली.

अकरा वाजता न्यायालयाने नेमलेले तीन डॉक्टर साहेबांना तपासायला येणार होते. तब्येत बरी असली, तर पोलीस तिथूनच ताब्यात घेणार होते. ते बाहेरच्या बाकावर बसूनच होते.

साडेनऊला ती खोलीत गेली आणि दारातच थबकली. साहेब आज कान देऊन ऐकत नव्हते. कपाळावर घाम होता, पंखा चालू असूनही. हात हातात घेतला तर गार.

"काय होतंय?"

"काही नाही." मग थोड्या वेळाने, "जबडा दुखतोय. डावा."

तिने पट्टा बांधला. अठ्ठ्याऐंशी, खालचा छप्पन्न. नाडी पळत होती आणि मधेच ठेचकाळत होती.

"डॉक्टरांना बोलावते."

साहेबांनी तिचे मनगट धरले. हजारो माणसांसमोर उगारला जाणारा तो हात आता तिला थांबवत होता. "राहू द्या, सिस्टर. आता कोण विश्वास ठेवणार?"

"मी आकडा पाहिलाय ना. विश्वास ठेवणं न ठेवणं, ते नंतर. हलू नका."

तिने घंटा दाबली, मावशींना हाक मारली, प्राणवायूची नळी लावली, आलेखाचे यंत्र ओढत आणले. मोठे डॉक्टर आले ते कालचा राग घेऊनच.

"काल तुम्हीच म्हणालात, ठणठणीत आहेत. आता पोलीस दाराशी बसलेत. लोक मला काय म्हणतील?"

"काल होते. आज नाहीत." तिने आलेखाची पट्टी त्यांच्यासमोर धरली. "लोकांचं सोडा. तुम्ही शिकवलंत तसं बघा."

डॉक्टरांनी पट्टी बघितली. बघता बघता त्यांचा चेहरा बदलला. सोमवारपासून हरवलेला त्यांचा जुना चेहरा परत आला. "ढकलगाडी आणा," ते ओरडले. "अतिदक्षता विभागाला कळवा. सिस्टर, तुम्ही डोक्याशी राहा, नाडी सोडू नका."

तिने नाडी सोडली नाही. बोळातून, पोलिसांच्या बाकासमोरून, लिफ्टमधून ती ढकलगाडीबरोबर चालत राहिली. अकरा वाजता आलेल्या तिघा डॉक्टरांनी काचेतूनच पाहिले आणि लिहून दिले, की या माणसाला आज हलवता येणार नाही. अटक पुढे गेली.

तीन वाजता पाळी संपवून ती फाटकाशी आली, तेव्हा टाळ्यांची बाजू बदललेली होती.

"एका रात्रीत फिरली बाई!" डावीकडून आवाज आला. "किती मिळाले?" सकाळी फोटो काढणारा जाडजूड गृहस्थ तिच्या पायाशी थुंकला. उजवीकडून कुणीतरी तिच्या नावाचा जयजयकार करायला निघाले, पण नाव कुणालाच माहीत नव्हते, म्हणून "सिस्टरचा विजय असो" असे म्हणून झाले. ती दोन्ही गर्दींच्या मधून रोजच्याच चालीने गेली. पाऊल भराभर टाकावेसे वाटत होते, पण टाकले नाही.

घरी सासऱ्यांनी तिच्याकडे पाठ करून वर्तमानपत्र धरले होते. नवरा मात्र दारातच हसत उभा होता.

"शेवटी आलीस ना आपल्या बाजूनं?"

"मी बिछान्याच्या डाव्या बाजूनं गेले. नाडी मी तिकडूनच बघते." तिने पिशवी खाली ठेवली. आणि मग इतक्या वर्षांत त्या घराने ऐकला नव्हता असा तिचा आवाज लागला. "काल तुम्ही रुसलात, बाबा हसले. आज बाबा रुसले, तुम्ही हसताय. दोन दिवस झाले, या घरात एकानं तरी विचारलं का, की तो माणूस जगला का मेला?"

वर्तमानपत्र खाली आले. नवरा दारातून बाजूला झाला.

सासऱ्यांनी विचारले, "जगला का?"

"जगला," ती म्हणाली आणि चहाचे आधण ठेवायला आत गेली.

साहेब तीन आठवड्यांनी रुग्णालयातून बाहेर पडले ते पोलिसांच्याच गाडीतून. आरोपपत्र दाखल झाले, खटला उभा राहिला. तिची बदली तळमजल्यावर, मलमपट्टीच्या खोलीत झाली. कारण कुणी सांगितले नाही. तिने विचारले नाही. पहिल्याच दिवशी तिने तिथल्या कात्र्या उकळायला लावल्या.

आठ महिन्यांनी तिला न्यायालयाचे बोलावणे आले. अटक टाळायला साहेबांनी आजाराचा बनाव केला होता का, हाही आता खटल्यातला एक प्रश्न होता.

सरकारी वकिलाला फक्त सोमवार हवा होता. साहेबांच्या वकिलाला फक्त मंगळवार. एकाने मंगळवारचे विचारू दिले नाही, दुसऱ्याने सोमवारवर तासभर घोळ घातला. मागच्या बाकांवर दोन्ही पक्षांची माणसे दाटीने बसली होती. अगदी शेवटच्या बाकावर नवरा आणि सासरे एकमेकांना लागून होते. एकाच बसने आले होते, आणि वाटेत वाद घातला नव्हता.

"सोमवारी ठणठणीत, मंगळवारी मरणाच्या दारात," साहेबांचे वकील तिच्यासमोर तक्ता हलवत म्हणाले. "यातलं खरं कुठलं, ते एकदा सांगून टाका."

"दोन्ही."

"असं कसं? माणूस एकच आहे ना?"

"माणूस एकच, पण दिवस दोन. म्हणून तर आम्ही रोज तपासतो."

मागे खसखस पिकली. वकील चिडले. "तुम्ही कुठल्या पक्षाच्या आहात, ते न्यायालयाला स्पष्ट सांगा."

"मी सकाळच्या पाळीची."

या वेळी न्यायाधीशांनाही हसू आवरले नाही. शेवटच्या बाकावर सासरे मुलाच्या कानाशी लागून काहीतरी पुटपुटले, आणि मुलाने मान ताठ केली.

जबानी संपली. टाइप केलेली पाने सहीसाठी तिच्यापुढे आली. सगळे साक्षीदार करतात तशी ती शेवटच्या पानावर सही करून मोकळी होईल, म्हणून वकिलांनी फायली आवरायला घेतल्या. पण तिने चष्मा लावला आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवले. एकेक ओळ, एकेक आकडा. पंखे फिरत होते. कुणीतरी घड्याळात बघितले.

"दुसऱ्या पानावर चूक आहे," ती म्हणाली.

दोन्ही वकील एकदम पुढे सरसावले. "कुठला आकडा?"

"आकडे बरोबर आहेत. इथं टाइप झालंय, 'साहेबांची नाडी अनियमित होती.' मी 'साहेब' म्हणाले नव्हते. 'रुग्ण' म्हणाले होते."

टंकलेखकाने न्यायाधीशांकडे पाहिले. न्यायाधीशांनी मान हलवली. त्याने शब्द बदलला, पान नव्याने काढले. तोवर दोन्हीकडचे वकील, पोलीस, पिंजऱ्यातले साहेब आणि मागच्या बाकांवरची माणसे गप्प थांबून होती. ती उभ्यानेच वाट बघत राहिली. मग तिने ती ओळ पुन्हा एकदा वाचली आणि सही केली.