बिस्किटाचं छप्पर

पंचवीस डिसेंबर आला की पालीत शहादेव गुरुजींच्या अंगणात मंडप लागतो. बाबासाहेबांनी महाडला मनुस्मृती जाळली तो हा दिवस, म्हणून भारतीय स्त्री मुक्ती दिन. आष्टी-लिंबागणेशापासून पाहुणे येतात, बायांच्या हालांवर गुरुजी तासभर बोलतात आणि बाया टाळ्या वाजवतात. सगळ्या नाही म्हणा! गुरुजींची बायको भिमाबाई आणि सून यशोधरा त्या वेळी आत चहा गाळत असतात. आता मुक्ती झाली तरी पाहुण्यांना चहा कोण देणार, तुम्हीच सांगा.

यंदा मात्र यशोधरेनं सासऱ्यांच्या मागं लागून भाषणांच्या यादीत आपलं नाव घालून घेतलं होतं. हौस म्हणून नव्हे. पोरगी बी.एड. झालेली, लग्नाआधी शाळेवर शिकवत होती. लिंबागणेशच्या एका शाळेत जानेवारीपासून बाई हव्या होत्या आणि ते तिला घ्यायला तयार होते. घरात विषय काढला की गुरुजी म्हणायचे, "बघू की पुढं." नवरा सतीश वडलांवर ढकलायचा, "नाना म्हणतील तसं." धड हो नाही, धड नाही नाही. नाही म्हटलं असतं तर भांडता तरी आलं असतं! अशा गोडबोल्या घरात बाईनं डोकं आपटायचं तरी कुठं? म्हणून तिनं ठरवलं, माइकवरून सांगून टाकायचं, मी शाळेत जाणार. चारचौघांत गुरुजींना 'बघू' म्हणता येणार नव्हतं.

आणि नेमकी नणंद आडवी आली. राजश्री पुण्याहून पोरांना घेऊन सुट्टीला आली, ती मोबाइलमध्ये फोटो घेऊनच.

"वहिनी, हे बघ, डेझर्ट बोर्ड! नाताळाला आता सगळे असंच मांडतात. मधे जिंजरब्रेडचं, म्हंजे सुंठीच्या बिस्किटाचं घर, भोवती गोडधोड. पोरं खूश होतील, पाहुण्यांनाही नवल वाटंल. तुझ्या हाताला लई चव हाय, तूच करू शकतीस."

हे 'तूच करू शकतीस' फार वाईट. शिवीला उलट बोलता येतं, कौतुकाला काय बोलणार? यशोधरा लागली कामाला. गूळ वितळवला, सुंठ, दालचिनी, लवंगा कुटल्या, मैदा मळला, कागदाच्या मापानं भिंती कापून ओव्हनमध्ये भाजल्या. असा वास सुटला की शेजारची म्हातारी दारात येऊन विचारून गेली, "कुनाला सर्दी झालीया गं?" कार्यक्रमाच्या सकाळी मोठा लाकडी पाट पुसून घेतला, कडेनं चिक्की, शंकरपाळे, खजूर, चॉकलेटं रचली. घर तेवढं उभं करायचं राहिलं. ते ऐनवेळी, ताजं ताजं, असा नणंदेचा हुकूम होता.

भिंती चिकटवायचं आयसिंग, म्हणजे पिठीसाखरेत फेटलेलं अंड्याचं पांढरं, नेमकं पातळ झालं. घट्ट करायला साखर बघावी तर राजश्रीच्या पोरांनी डबा चाटून पुसून ठेवलेला. वाटोळं झालं! यशोधरेनं भिंतींना बाहेरून डबे टेकवले, त्या उभ्या राहिल्या. पण छपराला काय टेकवणार? दोन्ही पाखी वर ठेवली तशी ती घसरायला लागली. तिनं दोन्हीकडून तळहात लावले. हात काढला की छप्पर निघालं खाली. म्हणजे सुकेपर्यंत तसंच उभं राहणं आलं. यादीत तिचं नाव बऱ्याच मागं होतं, तेवढाच धीर.

बाहेर पंचशील झालं, गुरुजी बोलायला लागले. "बाईला चूल आणि मूल यात कोंडून ठेवणाऱ्यांना आपण जाब विचारला पाहिजे!" कर्ण्याच्या आवाजानं फडताळातल्या ताटल्या वाजत होत्या. यशोधरेच्या मनगटांना रग लागली. नाकावर माशी बसली, तीही हाकलता येईना. तिला एकदम रडूच आलं, आणि डोळे पुसायला हात मोकळा नव्हता.

गुरुजींचं भाषण संपलं आणि माइकवरून सूत्रसंचालन करणाऱ्या राजश्रीचा आवाज आला. "आष्टीच्या पाहुण्यांची गाडी अजून पोचायचीय. तोवर आमच्या वहिनी, यशोधराताई, दोन शब्द बोलतील!"

"आले, आले!" यशोधरा ओरडली. टाळ्यांत कोण ऐकतंय?

सतीश मोबाइल घेऊन दारात आला. "अगं, चल की. नाव घेतलं तुझं."

"अहो, हे धरा जरा."

"मी? मला शूटिंग करायचंय ना. ठेव की खाली."

"सोडलं की पडतंय हो!"

"मंग ऱ्हाऊ दे. एवढी मेहनत केलीस, पाडू नको. राजश्रीला सांगतो दुसरं नाव घ्यायला." आणि गेला की निघून! केवढा समजूतदार नवरा.

गॅसपाशी चहा ढवळत असलेल्या भिमाबाईंनी पळी खाली ठेवली. जवळ आल्या. "सर तिकडं. मी धरते."

"आत्याबाई, तुमचे हात दुखतेत..."

"सर म्हनले न्हवं! चार दिस झाले चुलीपशी भाषण पुटपुटतीस. मला काय ऐकू येत न्हाई व्हय? जा."

दुखऱ्या बोटांनी त्यांनी छप्पर पेललं. यशोधरा पळाली. राजश्री पुढचं नाव घेत होती, तोवर हिनं माइक धरला.

वाक्य पाठ होतं. ओठांपर्यंत आलं आणि तिथंच अडलं. समोर सासरे कौतुकानं बघत होते, सतीश शूटिंग करत होता. आणि आत आत्याबाई.

"जय भीम," ती म्हणाली. "मला एक गोष्ट सांगायचीय. पण आत्याबाई आत माझ्या जागी बिस्किटाचं छप्पर धरून उभ्या हायेत. कुणीतरी जाऊन ते धरा. त्या इथं येऊन बसल्या की मी बोलते."

लोक हसले. ती हसली नाही, तसं हसू विरत गेलं. तिनं सतीशकडं पाहिलं, सतीशनं मोबाइलकडं. राजश्रीनं पोरांना गप्प बसवायला घेतलं, ती गप्पच बसली होती तरी. टाळ्या वाजवून हात लाल केलेल्या एवढ्या मंडळींतून एक माणूस खुर्चीवरून उठेना. गुरुजी हळू आवाजात म्हणाले, "सूनबाई, ते बघू नंतर. बोला तुमी."

यशोधरेनं माइक सोडला नाही. घराच्या दाराकडं बघत ती तशीच उभी राहिली. मागच्या रांगांत चुळबुळ सुरू झाली.

आणि आतून आवाज आला. आधी काहीतरी मोडल्याचा, मग डबे गडगडल्याचा. "अगं बाई!" करत राजश्री उठली, तर दारात भिमाबाई. आयसिंगचे हात पदराला पुसत, सावकाश चालत त्या पुढच्या रांगेत आल्या आणि गुरुजींच्या शेजारी बसल्या.

"काय झालं? पडलं का?" गुरुजींनी विचारलं.

"पडलं न्हाई. म्या सोडलं," भिमाबाई म्हणाल्या, आणि सुनेकडं बघितलं. "बोल गं आता."