आधी दाब, मग गाठ

राजकुमारचा हात लागला की वस्तू सुधारते, असं गावात कोणी म्हणत नसे. राजकुमार मात्र म्हणत असे. पाण्याची मोटर असो, शेजाऱ्याचा पंखा असो, हाती लागलं की उघडायचं, पुसायचं, तेल घालायचं आणि पुन्हा बसवायचं, हा त्याचा जन्माचा छंद. शेवटी एखादा स्क्रू उरलाच, तर तो कंपनीने जास्तीचा दिला होता, असं त्याचं ठरलेलं उत्तर.

यंदा दसऱ्याच्या पूजेसाठी त्याने लेकीची सायकल धुवायला काढली. नुसती धुतली असती तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण राखीची सायकल जाड टायरची, पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्यात स्प्रिंग असलेली, डोंगरात चालवायची. असली गाडी वरवर पुसून ठेवणं त्याच्या मनाला पटेना. त्याने हँडल काढलं, पुढचा चिमटा खाली ओढून घेतला, बेअरिंगला ग्रीस भरलं आणि सगळं जागच्या जागी बसवलं. तेवढ्यात आतून बायकोची, शकुनबाईची हाक आली.

"अवो, पाने-हातोडे पाटावर मांडा ना. पूजा खोळंबून राहिली."

पूजेला मांडलेल्या अवजाराला त्या दिवशी हात लावायचा नाही, ही त्यांच्या घरची रीत. तेव्हा राजकुमारने सगळे स्क्रू बोटांनीच फिरवले, हँडलला झेंडूचा हार घातला आणि कसायचं काम उद्यावर टाकलं. दुसऱ्या दिवशी त्याने सगळं कसलं. आधी हँडलची मान चिमट्याच्या दांड्यावर आवळून धरणारे बाजूचे दोन स्क्रू, अगदी दात-ओठ खाऊन. मग वरच्या टोपीचा एक. काम फत्ते झालं म्हणून त्याने स्वतःलाच शाबासकी दिली.

त्यानंतर राखी पहिल्यांदा सायकल घेऊन बाहेर पडली ती निवड चाचणीच्या आदल्या सकाळी. बोडीच्या, म्हणजे गावच्या लहान तळ्याच्या, पारीवरून बांध उतरताना तिने पुढचा ब्रेक दाबला आणि हँडलखाली टक् झालं. पुन्हा दाबला, पुन्हा टक्. चिमटा हलत्या दातासारखा मागेपुढे होत होता. ती उतरली आणि सायकल हाताने ढकलत घरी आली.

"बाबा, तुमी हे खोललं होतं का?"

"खोललं म्हंजे काय, साफ केलं."

विभागाच्या सायकल संघात मुलींची एकच जागा रिकामी होती आणि तिच्यासाठी उद्या जंगलातल्या टेकडीवर चाचणी होती. वर्षभर कॉलेज सांभाळून तिने त्या एका जागेसाठी पाय झिजवले होते. तिने सायकलिंग शिकवणाऱ्या सरांना फोन लावला. सर म्हणाले, "मानेतला बेअरिंगचा हेडसेट ढिला झाला असेल, वरचा बोल्ट कस. पण उद्या चिमटा हलताना दिसला, तर मी उतारावर सोडणार नाही."

राजकुमारने एलन-की, ती वाकडी षटकोनी किल्ली, घेऊन वरचा बोल्ट कसला. बोटं लाल झाली, टक् जिथल्या तिथे. आणखी जोर लावायला तो वाकला, तेव्हा राखीने त्याच्या हातातून किल्ली काढून घेतली.

"बाबा, आता हात नोका लावू."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळू बोलली, आणि तेच त्याच्या काळजाला लागलं. लाखनीचा सायकलवाला दसऱ्यासाठी सासुरवाडीला गेला होता, तो अजून परतला नव्हता. शकुनबाईने तर निकालच दिला. "हलत्या सायकलीवर मी पोरगी धाडत नाई. चाचनी पुढच्या सालीही येईन."

पुढच्या साली येईल, पण ही जागा तोवर कोणी रिकामी ठेवणार नाही, हे राजकुमारला कळत होतं. आपल्या हौसेपायी पोरीचं वर्ष जाणार, या विचाराने त्याला जेवण गेलं नाही.

दुपारी दोघं नवराबायको शेतावर, धानाच्या बांधीत गेली. लवकर पिकणारं हलकं धान कापून पडलं होतं, भारे बांधायचे होते. राजकुमारचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. त्याने दोरी घातली, गाठ मारली आणि भारा उचलला, तर मधलं धान सुळकन निसटून पायाशी पडलं. त्याने गाठ तशीच ठेवून वरून गुडघ्याने दाबून पाहिलं. सैल ते सैलच.

"अवो, काय करून राहिले?" शकुनबाई म्हणाली. "आधी दाबा, मंग गाठ मारा. गाठ मारल्यावर गुडघा देऊन काय फायदा?"

राजकुमार गुडघा टेकलेला तसाच राहिला. वरचा बोल्ट म्हणजे दाब, बाजूचे दोन स्क्रू म्हणजे गाठ. ती त्याने आधीच आवळली होती. मान दांड्याला तिथेच पकडून बसली, मग वरून कितीही कसलं तरी आतली ढिलाई जाणार कशी? तो उठला आणि भारा तिथेच टाकून घराकडे निघाला. शकुनबाई मागून विचारत राहिली, याच्या अंगात काय आलं म्हणून.

राखी अंगणात सायकलीपाशी बसली होती. बाप धापा टाकत आला, त्याच्या केसांत धानाचं तणस होतं. त्याने दोन्ही हात मागे बांधले.

"मी हात नाई लावत. तूच कर. बाजूचे दोन स्क्रू पयले ढिले कर. मंग वरचा कस. मंग बाजूचे."

राखीने त्याच्याकडे पाहिलं, थोडा विचार केला आणि किल्ली उचलली. बाजूचे ढिले झाले. वरचा बोल्ट आता फिरायला लागला, आणि मान किंचित खाली बसली.

"ब्रेक दाबतो मी," ती म्हणाली. "तुमी इथं बोट ठेवा जोडावर."

राजकुमारने बोट ठेवलं. तिने ब्रेक धरून सायकल पुढेमागे ढकलली. थोडं हललं. तिने बोल्ट जरासा फिरवला. आता बोटाला हलल्याचं काहीच जाणवेना.

"अजून एक फिरकी दे," राजकुमार म्हणाला. राहवलंच नाही त्याला.

"नाई बाबा. जास्त कसलं तं हँडल वळनार नाई."

तिने पुढचं चाक उचललं. हँडल आपोआप अलगद एका बाजूला वळलं. तेव्हा तिने हँडल चाकाच्या रेषेत आणलं आणि बाजूचे स्क्रू आळीपाळीने कसले. संध्याकाळी शकुनबाई स्वतः बोडीच्या पारीखाली उभी राहिली. राखी वरून सुसाट आली, ब्रेक दाबला आणि आईच्या पुढ्यात थांबली. टक् झालं नाही. शकुनबाईने पदराने तोंड पुसलं आणि उद्याच्या डब्यात काय द्यायचं ते विचारलं.

सकाळी टेकडीच्या पायथ्याशी मुली रांगेला लागल्या होत्या. सरांनी राखीची सायकल हलवून पाहिली आणि मान डोलावली. राखी मात्र रांगेतून बाहेर आली. तिने सायकल बापापुढे उभी केली आणि खिशातून एलन-की काढून त्याच्या हातात दिली.

"बाबा, एकदा तुमीही पाहा."

राजकुमारच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने जोडावर बोट ठेवलं, तिने ब्रेक दाबून सायकल ढकलली. काहीच हललं नाही. हातात किल्ली होती, समोर स्क्रू होते, बोटं शिवशिवत होती.

त्याने किल्ली तशीच तिला परत दिली.

"बरोबर आहे," तो म्हणाला. "जा."