दाराजवळचा कोरा चेहरा

बंद पडलेल्या शिवणकारखान्याच्या कपाटातून पेन्सिलीचं एक चित्र संग्रहालयात आलं, आणि त्याची माहिती लिहायचं काम तिथल्या एका संशोधिकेनं मागून घेतलं. त्याच कारखान्यात तिची आत्या संपाची पुढारी होती. एका सकाळी पोलिसांनी नेमक्या सहा पुढारी बायका उचलल्या. त्या परत आल्या नाहीत. आत्या तेवढी उरली. मग चुगली कोणी केली हे सांगायला ज्योतिषी कशाला हवा? आत्या मरेपर्यंत तिच्या दारात कोणी पाऊल ठेवलं नाही. हा डाग पुसायचा, एवढ्या एका हट्टापायी भाचीनं जुन्या कागदांत आयुष्य घातलं होतं.

चित्र साधंच. यंत्रांच्या रांगा, वाकलेल्या बायका. सहा जणींना नाक-डोळे, बाकी सगळे चेहरे कोरे.

"श्रमानं माणसाचा चेहराच पुसला जातो, हे म्हणायचंय चित्रकाराला," संग्रहालयाच्या प्रमुख बाई म्हणाल्या. बाईंना रिकाम्या कागदातही समाज दिसायचा.

तिला मात्र भांग दिसले. प्रत्येकीचा भांग वरून काढलेला. शेजारी बसणाऱ्याला तो तसा दिसत नाही. माळ्यावरच्या कचेरीतून दिसतो. म्हणजे काढणारा मालकाचा माणूस. आणि ते सहा चेहरे तिला वर्तमानपत्रांच्या कात्रणांतून पाठ होते. कोणाला उचलायचं, ते दाखवायलाच हे चित्र काढलं होतं. आत्याचा एक पाय आखूड होता; दाराजवळ, पायाखाली लाकडी ठोकळा घेऊन, तीच बसली होती. तिचा चेहरा कोरा.

चुगलखोर सापडला! तिचा ऊर भरून आला. मग तिने सावलीच्या रेघा पाहिल्या. उलट्या कललेल्या, डावखुऱ्या हाताच्या, टोकाला किंचित वळलेल्या. लहानपणी तिच्या वहीत बाबा अशाच रेघांचे घोडे काढून द्यायचे. बाबा तेव्हा माळ्यावरच्या कचेरीत कारकून होते. तिने चित्राचा फोटो काढला.

घरी तिने मोबाइलवरचा फोटो बाबांपुढे धरला. थकलेल्या बाबांनी तो डोळ्यांजवळ नेला.

"बहीण होती माझी. तिचा चेहरा काढायला हात उठला नाही."

"आणि त्या सहा जणी कोणाच्या कोणीच नव्हत्या?"

बाबांनी मोबाइल पालथा ठेवला.

"आत्याला माहीत होतं?"

"त्याच संध्याकाळी ओळखलं तिनं. म्हणाली, दादा, तोंड उघडू नकोस. लोक तुला ठेचतील आणि पोरीचे हाल होतील. माझ्या मागेपुढे आहे कोण?"

ती पोर म्हणजे हीच. बापाचा संताप आला तिला, पण त्याहून जास्त शिसारी आली ती आजवर गिळलेल्या घासांची. बाबांचं नाव लिहावं, तर आत्यानं जन्मभर सोसलेलं मातीत जातं. न लिहावं, तर पुढाऱ्यांपैकी तिचाच चेहरा कोरा बघून लोक आत्यालाच बोल लावणार. रडून रडून डोळे सुजले, वाट काही दिसली नाही.

चित्राखाली तिने लिहिलं, 'चित्रकार अज्ञात'.

प्रदर्शनाला तिच्याच वयाची एक बाई आली, त्या सहांपैकी एकीची लेक. काचेवरून तिने आईच्या गालावर बोट फिरवलं. मग तेच बोट दाराजवळ नेलं.

"पायाखाली ठोकळा. हीच ती. स्वतःचं तोंड बरं झाकून घेतलं मेलीनं! माझी आई खाल्ली हिनं. तुम्ही अभ्यास केलाय ना? मी म्हणते ते बरोबर ना?"

बाबांचं नाव तिच्या अगदी ओठांवर आलं होतं.

"पुढच्या दालनात चला, ताई," ती म्हणाली. "तिथे यंत्रं ठेवलीत."